गोठ्यातली चौथी

बैल घरी आले की आमची शाळा सुटायची. घंटा नव्हती, आणि लागतही नव्हती. उन्हं कलली की मळ्याकडून लाल्या आणि भुऱ्याच्या गळ्यातले घुंगरू ऐकू यायचे. मग गुरुजी हातातला खडू खिशात टाकायचे आणि म्हणायचे, "चला पोट्टेहो, मालक आले." आम्ही पाट्या, बसकरं गोळा करून बाहेर पडायचो आणि बैल आत शिरायचे. आम्ही बसायचो ती जागा त्यांची होती, त्यामुळे त्यांना काही वावगं वाटत नसे. लाल्या तर एखादं पोर मागं राहिलं तर दारात थांबायचा, ते बाहेर पडलं की मगच आत जायचा. गुरुजी म्हणायचे, याले शिस्त शिकवा लागत नाई. शाळेत शेणाचा, कडब्याचा आणि खडूचा मिळून एक वास असायचा. मला अजूनही कुठे ओला कडबा दिसला की पाढे आठवतात. माझी नात हसते, पण मी काय करू, माझं शिक्षण त्याच वासात झालं.

तो गोठा आमचाच. आमचं गाव जानेफळपासून दोनेक कोस, मधे एक नाला. आम्ही माळी, विहिरीवर भाजीपाल्याचा मळा. पहाटे मोटेच्या चाकाची कुरकुर सुरू व्हायची आणि तिच्यावरच घर जागं व्हायचं. माय चुलीपुढे भाकरी थापायची, त्या थापण्याचा आवाज आणि मोटेची कुरकुर एकमेकांत मिसळायची. वांगी, मिरची, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, असं सगळं टोपल्यात भरून बाजाराच्या दिवशी जानेफळला जायचं. आम्हाला मात्र कीड लागलेली वांगी. माय ती कापून, कीड टाकून, गोवऱ्यांवर भाजून असं काही भरीत करायची की चांगल्या वांग्याची आठवण होत नसे. बाबा गावात मानाचे होते. पैशाने नाही, तो कुठून असणार? पण दारात आलेला माणूस आमच्या घरून उपाशी गेला असं कधी झालं नाही, आणि बाबांचा सगळा मान त्यावर उभा होता. गावात शाळा आली तेव्हा जागा कुणी देईना. बाबांनी गोठा दिला. पहिली-दुसरी मारुतीच्या ओट्यावर, तिसरी-चौथी आमच्या गोठ्यात, आणि गुरुजी एकटे, दिवसभर या दोन्हींच्या मधे चालत. त्यांच्या वहाणा इतक्या झिजायच्या की गावचा चांभार त्यांची वाटच बघत असायचा.

चौथीनंतर गावात काही नव्हतं. पोरं नाला ओलांडून जानेफळला जायची. पोरींनी नाला ओलांडायचा नसे. का, ते कुणी सांगत नसे आणि मीही विचारलं नाही. मी अभ्यासात बरी होते. बरी म्हणजे काय, पहिली होते, आता या वयात कशाला लाजू? एकदा जेवताना मी बाबांना म्हटलं, "बाबा, मले पाचवीत जायचं." बाबांनी घास खाली ठेवला. "नाल्याच्या पल्याड नाई," ते म्हणाले. "गावात पाचवी आली तर शिक. पार सातवीलोक शिक. हा माहा शब्द." बाबांचा शब्द म्हणजे शब्द. त्या दिवसापासून माझा सगळा जीव त्या पाचवीत अडकला.

आता पाचवी यायची म्हणजे काय, ते गुरुजींनी मला समजावून सांगितलं होतं. जिल्हा परिषद नवी नवी आली होती. तिने खोली दिली की खोलीबरोबर दुसरे गुरुजी, आणि दुसरे गुरुजी आले की पाचवी. खोली नाही तर काहीच नाही. आणि खोल्या थोड्या, गावं फार. म्हणून साहेब येऊन बघणार, आणि ज्यांचे सगळ्यात वाईट हाल त्यांना आधी. गुरुजी हसून म्हणाले, "वच्छे, हालाच्या बाबतीत आपला नंबर कोनी घेत नाई." मीही हसले. त्या वर्षी मी चौथी पास झाले होते, तरी गुरुजींनी माझं नाव कमी केलं नाही. म्हणाले, एकदा नाव गेलं का पोरगी गेली. बस चौथीतच, खोली येऊन राह्यली. अशी माझी दुसरी चौथी सुरू झाली.

परवा नात पेपर वाचत होती. ती शिक्षिका आहे, तिला अशा बातम्या दिसतात. कुठल्या जिल्ह्यात सरकार एका मुलामागे किती खर्च करतं, कुठे जास्त, कुठे कमी, त्याचा तक्ता आला होता. आपला भाग कुठे होता ते तिने बोटाने दाखवलं. बोट बरंच खाली न्यावं लागलं. मग मला म्हणाली, "आजी, तुझ्यामागे किती झाला असेल गं?" मी म्हटलं, बाई, माझ्यामागे खडू झाला आणि तोही गुरुजी तुकडा तुकडा जपून वापरायचे. बाकी खर्च बैलांनी केला. ती हसली, मीही हसले, आणि मग उगाच थकल्यासारखं वाटलं. पूर्वी असल्या गोष्टींचा राग यायचा. आता राग यायलाही अंगात जोर लागतो.

तर साहेब येणार होते. ते देशावरचे, पुण्याकडचे. नवं राज्य झालं होतं, आधी आम्ही नागपूरकडे बघायचो, आता मुंबईकडे. आमच्या गोठ्याचं तोंड होतं तिकडेच राहिलं. पण साहेब मात्र तिकडून येऊ लागले होते. ते यायच्या आधी त्यांचं एक वाक्य गावात आलं. मेहकरला पाटील कामासाठी गेले होते, तिथे त्यांनी ऐकलं, की साहेब कुणाला तरी म्हणाले, "आमच्याकडे गावोगावी कौलारू शाळा आहेत, भिंतीवर नकाशे आहेत. वऱ्हाडातल्या शाळा म्हणजे निव्वळ गुरांचे गोठे." पाटलांनी हे पारावर सांगितलं आणि गाव पेटलं. खरं म्हणजे साहेब काही खोटं बोलले नव्हते. आमची शाळा गुरांचा गोठाच होती, त्यात गुरं होती. पण खरं बोललेलंच जास्त लागतं. आणि सगळ्यात जास्त लागलं बाबांना, कारण गोठा त्यांचा.

"येऊ दे त्याले," बाबा म्हणाले. "वऱ्हाड काय चीज आहे ते दाखवू."

मग जे सुरू झालं ते एखाद्या लग्नाला शोभलं असतं. मेहकरहून चुना आला. भिंती आतून बाहेरून पांढऱ्या झाल्या. मायने आणि शेजारच्या बायांनी जमीन खोदून, चोपून, सारवून अशी केली की वर भात सांडला तर उचलून खावा. गव्हाणींवर फळ्या टाकल्या, फळ्यांवर मायच्या लग्नातलं लुगडं अंथरलं, झाली बाकं. पाटलांच्या घरून सतरंज्या आल्या, हाताची खुर्ची आली आणि भिंतीवरचं घड्याळ आलं. घड्याळ बंद होतं, पण लांबून कळत नव्हतं. छप्पर जिथे गळायचं तिथे आंब्याच्या पानांचं तोरण असं दाट बांधलं की वरचं आभाळ दिसेना. आम्हा पोरांना लग्नातले कपडे घालायला सांगितले. ज्यांच्याकडे नव्हते त्यांना त्या दिवशी घरीच बसवलं.

गुरुजींनी दोन दिवस हे सगळं बघितलं. तिसऱ्या दिवशी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. मी आत मिरच्या निवडत होते, सगळं ऐकत होते.

"नामदेवभाऊ," ते म्हणाले, "माह्यं ऐका. साहेबाले गोठा गोठ्यावानी पाहू द्या."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? खोली पाहिजे ना आपल्याले?"

बाबा म्हणाले, "गुरुजी, माह्या घरी पाहुना येते अन् मी त्याले शेन दाखवू काय? तुमी शिकले-सवरलेले, तुमाले अब्रू समजत नाई?"

"अब्रूच्या भिंतीत पाचवी भरत नाई, भाऊ."

"आपलं काम बेस दिसलं तर साहेब खुश होईन. खुश झाला तर देईन. मानूस खुशीनं देते, रडगान्यानं नाई." बाबांनी हे अगदी मनापासून सांगितलं. त्यांच्या जगात तसंच होतं. मळ्यावर हसून मागणाऱ्याला ते एक वांगं जास्तीचं टाकायचे आणि रडत येणाऱ्याला मोजून द्यायचे. गुरुजी उठून गेले. मायने चुलीपुढून मला विचारलं, "काय म्हनतात व गुरुजी?" मी म्हटलं, काही नाही. मला स्वतःला तरी कुठे कळत होतं? मला तर ती पांढरी शाळा फार आवडली होती.

साहेब जीपमधून आले. मी मनात कुणीतरी दांडगा, मिशीवाला माणूस धरला होता. हा तर बारीक, चष्मेवाला, हळू बोलणारा. चप्पल बाहेर काढून आत आला. सगळीकडे बघून "वा, छान, छान" म्हणत राहिला. मला उभं करून धडा वाचायला सांगितला. दोनदा केलेला धडा, मी तो डोळे मिटून वाचला असता. साहेब इतके खुश झाले की त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. गुरुजींकडे पाहिलं तर ते जमिनीकडे बघत होते. मग निंबाखाली पंगत बसली. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वरण, वांग्याची भाजी आणि वर तुपाची धार. साहेबांनी रोडगे पहिल्यांदाच खाल्ले, मागून खाल्ले. माय दाराआडून बघत होती आणि तिचं तोंड आनंदाने फुललं होतं.

जेवणं झाल्यावर सगळे पुन्हा शाळेत जमले. साहेब बोलायला उभे राहिले. "मी वेगळं ऐकून आलो होतो," ते म्हणाले, "मला माझे शब्द मागे घ्यायला हवेत. इतकी स्वच्छ, इतकी नेटकी शाळा मी आमच्या भागातही फार पाहिलेली नाही. गावाने स्वतःच्या बळावर हे उभं केलंय." गावाने टाळ्या वाजवल्या. बाबांनी फेटा सावरला. "या गावाला परिषदेच्या खोलीची गरज नाही," साहेब म्हणाले, "आणि याचा तुम्हाला अभिमान वाटला पाहिजे. ज्या गावांतली मुलं झाडाखाली बसतात, ती खोली त्यांच्याकडे जाईल." आणि काय सांगू, गावाने पुन्हा टाळ्या वाजवल्या! कौतुक इतकं गोड लागत होतं की आत काय आहे ते कुणाच्या जिभेला कळलंच नाही. मला कळलं.

गुरुजी पुढे झाले. "साहेब, हा गोठा आहे," ते म्हणाले. साहेब हसले. "गुरुजी फार विनयी दिसतात." "नाई साहेब, खरंच गोठा आहे. इथं बैल बांधतात." साहेब अजून हसतच होते, तेवढ्यात घुंगरू वाजले.

बैलांना त्या दिवशी मुद्दाम लांब, चुलत्यांच्या वावरात नेऊन बांधलं होतं. पण लाल्याला घराची वेळ कळायची. दावं तोडून तो आला होता आणि भुऱ्या त्याच्या मागे. लाल्या नेहमीसारखा दारात येऊन थांबला, आम्ही बाहेर पडायची वाट बघत. साहेबांनी चष्मा सारखा केला. "हे बैल इकडे कसे?"

एवढं एकच बोलायचं होतं. साहेब, हे इथलेच. बस. बाबांनी तेवढं म्हटलं असतं तर माझं सगळं आयुष्य दुसऱ्या बाजूला वळलं असतं. मी बाबांकडे बघत होते, त्यांनीही एकदा माझ्याकडे बघितलं. मग ते म्हणाले, "रस्ता चुकले, साहेब." आणि कुणाच्या तरी हातातली काठी घेऊन त्यांनी लाल्याच्या पाठीवर घातली. बाबांनी बैलावर हात उचललेला मी कधी पाहिला नव्हता. लाल्याला कळेचना. तो मागे सरकायचा, पुन्हा पुढे यायचा, आपल्याच दारात. दोन-तीन रट्टे बसले तेव्हा तो वळला आणि मळ्याच्या रस्त्याला लागला. साहेब म्हणाले, "असू द्या, असू द्या, मुकं जनावर आहे."

खोली पलीकडच्या वाडीला मिळाली. तिथे पोरं खरंच झाडाखाली बसत होती, म्हणून मला त्यांचा राग करता आला नाही. राग बाबांचाही करता येईना. ते कित्येक दिवस माझ्याशी नीट बोलत नव्हते, जणू मीच काही केलं होतं. मायने एकदा फक्त म्हटलं, "पोरीसाठी तरी..." आणि बाबा ताटावरून उठले. गुरुजींनी माझं नाव याही वर्षी कमी केलं नाही. ही माझी तिसरी चौथी. मी आता बाकीच्या पोरांना पाढे शिकवायचे, गुरुजी मारुतीच्या ओट्यावर गेले की वर्ग सांभाळायचे. पावसाळ्यात भिंतींवरचा चुना ओघळला, तोरण केव्हाच वाळून गळालं होतं, आणि त्याच्या जागी पाणी पडायचं. लाल्या पुन्हा वेळेवर यायचा. फक्त दारात यायच्या आधी तो आता जरा लांबच थांबायचा.

पुढच्या खेपेला दुसरे साहेब आले, घाईतले. ते येणार असं कळल्यावर पाटील चुन्याची गोष्ट काढायला आमच्याकडे आले, तेव्हा बाबा म्हणाले, "चुना नाई. काईच नाई." त्या दिवशी त्यांनी बैल मळ्यात नेलेच नाहीत. ते गव्हाणीला बांधलेले आणि आम्ही पोरं त्यांच्या पायांपाशी बसलेलो. बाबा फाटक्या बंडीत, डोक्याला काही न बांधता, दारात उभे. मायला त्यांनी चूल पेटवू दिली नव्हती. साहेब आत येऊन थबकले, नाकाला रुमाल लावला. "या शाळेबद्दल तर मागे फार चांगलं मत दिलेलं आहे," ते म्हणाले.

बाबा म्हणाले, "तवा मी खोटं बोललो होतो, साहेब. हा गोठा आहे. हे बैल माहे, अठीच राहतात. आमी गरीब मानसं आहो." त्यांनी माझ्याकडे हात केला. "हे माही पोरगी. चौथीतच बसून राह्यली."

गरीब हा शब्द मी बाबांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकला, आणि मग कधीच नाही. घरात मीठ नसलं तरी ते म्हणायचे, आज अळणी खाऊ, बरं असते. त्या दिवशी तो शब्द त्यांनी सगळ्या गावासमोर उच्चारला. मला इतकी लाज वाटली आणि इतकं भरून आलं की मी पाटीवर उगाच रेघा ओढत बसले. साहेब पाणी पिऊन गेले. मायने आत डोळ्याला पदर लावला, कारण पाहुणा उपाशी गेला होता. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. मी ताट वाढलं तर म्हणाले, "तो मानूस तसाच गेला ना व. मी कसा खाऊ?"

खोली मंजूर झाली. पण मंजूर होणं वेगळं आणि उभी राहणं वेगळं, हे आमच्या भागात लहान पोरालाही समजतं. दगड आले, मग गवंडी आला नाही. गवंडी आला, मग पत्रे आले नाहीत. बाबा रोज जाऊन बघून यायचे. तिकडे माझी उंची वाढत होती. सोयरीक आली, घर चांगलं होतं, मुलगा दोन बुकं शिकलेला. बाबांनी मला विचारलं नाही, पण रात्रीपर्यंत ओट्यावर एकटेच बसून राहिले. मी तरी काय बोलणार, चौथीत चौथ्यांदा बसते म्हणून? लग्न उन्हाळ्यात झालं. पत्रे पावसाळ्यात बसले.

मी पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा पाचवी सुरू झाली होती. सासरची माणसं मला परत न्यायला आली, त्या दिवशी त्यांचं चहापाणी चालू असताना बाबा मला म्हणाले, "चाल, तुले दाखवतो." शाळा सुटलेली होती. खोली दगडाची, उघड्या भिंतींची, कुठे चुन्याचं बोट लागलेलं नाही. बाबा असेपर्यंत ते लागलंही नाही. गावाने दरवर्षी म्हणावं आणि बाबांनी दरवर्षी नाही म्हणावं. लोक हसायचे. "पांढरं पाह्यलं का साहेब खुश होते," एवढंच ते म्हणायचे. आता त्या भिंतींवर मोर आणि बाराखडी रंगवलेली आहे. छान आहे, मी काही नावं ठेवत नाही.

"बस ना," बाबा म्हणाले. मी हसले. "आता काय बसू, बाबा?" "बस थोडा वेळ." मी पदर सावरून पुढच्या रांगेत, फळ्यासमोर बसले. फळ्यावर पाचवीचं काहीतरी लिहिलेलं होतं, मी ते वाचायला लागले. बाबा दारात उभे होते. उन्हं कलली होती, आणि मळ्याच्या रस्त्यावरून घुंगरू ऐकू आले. सवय कुठे जाते! मी चटकन उठले, लुगडं झटकलं आणि दाराकडे निघाले.

बाबांनी हात आडवा धरला. "बस वच्छे," ते म्हणाले, "आता बैल आले म्हनून उठा लागत नाई."

मी परत जाऊन बसले. आमच्या ओट्यावरून सासऱ्यांनी हाक मारली तोवर बसून राहिले.